वेगळं ताट

ढग सह्याद्री चढताना महाबळेश्वरावर रिते होतात आणि माण-खटावपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात काही उरत नाही. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, दहिवडी-म्हसवडकडं, 500 मिलिमीटर झाला तरी म्हातारी माणसं वर्ष बरं गेलं म्हणतात. त्यामुळं आमच्याकडचं पोरगं मिसरूड फुटायच्या आत घराबाहेर पडतं. जावळी-पाटणची माणसं मुंबईच्या बाजारात माथाडी झाली, मेंढरंवाले मेंढरांमागं कोकणात उतरले, आणि विटा, आटपाडी, खटाव, माणच्या पट्ट्यातली किती तरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोन्याचांदीची आटणी करणारी ही माणसं. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात जा, सराफकट्ट्यामागच्या एखाद्या बोळात भट्टी पेटलेली दिसेल, मुशीत सोनं वितळत असेल, तेजाबाचा तांबूस धूर वर चढत असेल आणि त्या धुरात डोळे बारीक करून बसलेला माणूस आमच्याकडचा निघेल.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, असाच सोळाव्या वर्षी उत्तरेतल्या एका शहरात गेला. त्याच्या पैशावर घराला स्लॅब पडला, विहिरीला मोटार बसली, दोन बहिणींची लग्नं झाली. जत्रेला यायचा तेव्हा अख्ख्या भावकीला कापड आणायचा. वर्षाचे अकरा महिने तो बायकोपासून लांब, दहा बाय दहाच्या खोलीत आठजणांत राहायचा. ह्या राहणीचा हिशेब गावात कुणी मांडत नसे. मनीऑर्डर आली की सगळं ठीक आहे असं धरून चालत.

तो कायमचा परत आला तो 1998 च्या उन्हाळ्यात. एसटीच्या कंडक्टरनं आधी त्याची पिशवी खाली दिली आणि मग दंडाला धरून त्याला उतरवलं. सदरा खांद्यावरून घसरत होता. जिभेवर आणि टाळूला पांढरा थर धरलेला, तो खरवडला की खालून रक्त यायचं, त्यामुळं भाकरीचा घास गिळताना डोळ्यांत पाणी उभं राहायचं. बरगडीवरून पाठीकडं नागीण उठून गेल्याचे काळे डाग होते. जुलाब थांबत नव्हते. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि चिठ्ठीवर जे आलं ते चुलत्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. तरी पुढच्या बाजारापर्यंत ते गावभर झालं. त्या काळी त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. ‘त्याला ते झालंय’ एवढंच म्हणायचे आणि हात झटकायचे.

घरात लहान पोरं होती. चुलतीनं रडत रडत त्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं. एक कोपरा झाडून, शेणानं सारवून तिथं बाज मांडली. ताट, तांब्या, पेला वेगळा केला. ताट जर्मनचं होतं, कडेला पोचा आलेलं, आणि घरच्या ताटांत चुकून मिसळू नये म्हणून त्याच्या पाठीवर खिळ्यानं फुली मारलेली. वहिनी ते राखेनं घासायची आणि वळचणीला पालथं घालून ठेवायची. पोरांना त्या बाजूला फिरकायची बंदी होती. दाढी करायला कुणी तयार होईना, तेव्हा वहिनीनंच वस्तरा हातात घेतला. मी तेव्हा कराडला कॉलेजात होतो. सुट्टीत गेलो की त्याच्या बाजेवर बसायचो आणि चुलती लांबून हाका मारत राहायची. तिच्या आवाजात राग नसायचा, नुसती धास्ती असायची.

दिवाळीच्या आधी त्याचं डोकं दुखायला लागलं. मान वाकेना, उजेड सोसेना. डोळ्यांवर ओलं फडकं टाकून तो पडून असायचा. आठ-दहा दिवसांत गेला. कशानं गेला ते कुणी तपासलं नाही, तपासायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या घामाच्या पैशावर स्लॅब पडलेल्या घरात त्याचा शेवटचा दिवस गेला नाही, ह्याचं दुःख चुलतीनं मरेपर्यंत वागवलं.

पुढं मी मिरजेत शिक्षक म्हणून लागलो, आणि मिरजेनं मला त्या गोठ्याकडं नव्यानं बघायला शिकवलं. मिरज हे आजाऱ्यांना आसरा देणारं गाव आहे. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून कर्नाटकातली, कोकणातली, मराठवाड्यातली माणसं दुखणी घेऊन मिरज जंक्शनवर उतरत आली. जवळच वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. एका गल्लीत तंबोऱ्याला तारा चढत असतात आणि पलीकडच्या गल्लीत एक्स-रेचे मोठे लिफाफे सांभाळत माणसं रिक्षातून उतरत असतात. मिरजेत नातेवाईक असणं म्हणजे गावाकडच्या प्रत्येक पेशंटचा मुक्काम तुमच्या घरी असणं. त्यांच्या फायली वाचत, डॉक्टरांना खोदून खोदून विचारत मला थोडं थोडं समजत गेलं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक जात असते, तिला सीडी-4 म्हणतात. बाहेरचं काही अंगात शिरलं की बाकीच्या पेशींना जागं करून कामाला लावायचं ते ह्या पेशींनी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण 500 ते 1,500 असतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो आणि वर्षानुवर्षं त्यांना संपवत जातो. आकडा 200 च्या खाली गेला की ज्याला एड्स म्हणतात ती अवस्था आली असं मानतात. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर गोफण घेऊन राखण बसते. पाखरं रोज येतात, रोज उठवली जातात. राखणदार अंथरुणाला खिळला तर कुठली परदेशी पाखरं येत नाहीत, रोजचीच येतात, फक्त त्यांना उठवायला कुणी नसतं. शरीरात हेच होतं. दादाच्या तोंडातली बुरशी बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडातही थोडीफार असते. नागिणीचा विषाणू लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यापासून मज्जातंतूंच्या मुळाशी निजलेला असतो. क्षयाचा जंतू भारतात कोट्यवधी लोकांच्या छातीत झोपून आहे. निरोगी माणसात तो जागा व्हायचा धोका सगळ्या आयुष्यात मिळून 5 ते 10 टक्के, आणि एचआयव्ही असलेल्या माणसानं औषध घेतलं नाही तर तेवढाच धोका दर वर्षी. म्हणून तर एचआयव्हीच्या पेशंटना सगळ्यात जास्त मारलं ते क्षयानं.

आता तो गोठा पुन्हा बघा. वर आढ्याला कबुतरं. कबुतरांच्या विष्ठेत आणि तिनं माखलेल्या मातीत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. ती श्वासातून जाते, राखण नसलेल्या शरीरात मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते, आणि मग डोकं दुखतं, मान आखडते, उजेड सोसत नाही. कडेला वळवाच्या पावसात भिजून बुरशी धरलेला कडबा. खाली शेणमूत. पिण्याला आडाचं न उकळलेलं पाणी. ज्याच्या अंगात कशालाच अटकाव करायचं बळ उरलं नव्हतं, त्याला आम्ही घरातल्या सगळ्यात धुळीच्या, सगळ्यात ओल्या, सगळ्यात जंतूंच्या जागी नेऊन ठेवलं होतं.

एचआयव्ही ताटातून लागत नाही, तांब्यातून लागत नाही, एका बाजेवर बसून लागत नाही. एकत्र राहून दादापासून घराला काही होणार नव्हतं. घरापासून दादाला सगळं काही होऊ शकत होतं. आमची सर्दी, आमच्या पोरांच्या कांजिण्या, आमच्या पाहुण्याचा न तपासलेला खोकला, आमच्या पाण्यातले जंतू. गावाची भीती खरी होती, पण तिचं तोंड उलट्या दिशेला होतं. लागण होईल म्हणून गाव ज्याच्यापासून पळत होतं, त्यालाच गावापासून जपायला हवं होतं.

ही गोष्ट सांगलीत काही बायकांना आमच्या आधी कळली होती. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, म्हणजे ‘संग्राम’चं काम सुरू केलं ते गोकुळनगरातल्या वेश्यावस्तीतून. सगळं शहर ज्या बायकांना रोगाचं मूळ म्हणत होतं, त्याच बायका निरोधची पाकिटं हातात घेऊन एकमेकींना शिकवायला लागल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकल्या. 1996 मध्ये त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभी केली. एखादीला ताप चढला की तिला रिक्षात घालायचं, दवाखान्यात तिच्या उशाशी बसायचं, कुणी हात लावायला मागंपुढं पाहिलं तर जाब विचारायचा, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढं ह्या कामाचा हात खेड्यापाड्यातल्या विधवा बायकांपर्यंत गेला. 2005 मध्ये अमेरिकी सरकारनं मदतीच्या बदल्यात वेश्याव्यवसायाविरुद्ध लेखी ग्वाही मागितली तेव्हा संग्रामनं पैसा सोडला, ग्वाही दिली नाही. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांनाच आधी दोषी ठरवलं तर त्या दारात येणार नाहीत, आणि दारात आल्या नाहीत तर जगणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सांगलीच्या ह्या कामाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. शिकल्यासवरल्यांच्या गावात जे झालं नाही, ते त्या वस्तीत झालं.

दादा गेल्यावर वहिनीचं रक्त तपासलं. तिलाही लागण झाली होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, पदरात चार वर्षांची मुलगी. मुलीचं रक्त चांगलं निघालं, आणि त्या एका कागदावर वहिनी पुढची वर्षं जगली. औषधं जगात होती, पण आमच्यासाठी नव्हती. परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांच्या मिश्रणाला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागत. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तसंच मिश्रण गरीब देशांत काम करणाऱ्या संस्थेला वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचे भाव कोसळायला सुरुवात झाली. पण माणमधल्या कोरडवाहू घराला तेवढेही पैसे कुठले झेपणार? 1 एप्रिल 2004 पासून केंद्र सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आधी देशातल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत, मग हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत. ती आमच्या भागात पोचली तोवर वहिनीचा सीडी-4 चा आकडा 140 वर आला होता.

साताऱ्याला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून ती विट्यावरून एसटीनं सांगलीला यायची. पहाटे निघायची, रांगेत बसायची, औषधांची पिशवी ब्लाऊजपिसाच्या कापडात गुंडाळून परत निघायची. गावात विचारलं तर भावजींच्या पोरांना बघायला गेलेवते म्हणायची. पहिल्या गोळीत स्टॅव्हुडिन होतं. त्यानं तिला उठवून उभं केलं आणि तिच्या गालांची चरबी नेली. गाल आत गेले, तळपायांची आग व्हायला लागली. पुढं ते औषध सरकारनं बंद केलं, पण गाल भरून आले नाहीत. सोबत एक पांढरी, मधे रेघ असलेली गोळी असायची, कोट्रायमोक्साझोलची. सगळे तिला सेप्ट्रान म्हणतात. न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी दुबळ्या शरीराच्या फुप्फुसांत भरते आणि माणूस गुदमरतो, त्यापासून ती गोळी वाचवते. स्वस्त, जुनी गोळी. दादाच्या वेळीही ती तालुक्याच्या दुकानात मिळत होती.

2018 मध्ये माझ्या धाकट्या बहिणीची किडनी बदलली. आईनं दिली. आईची झाली तरी शरीराच्या लेखी ती परक्याचीच, म्हणून शरीर तिच्यावर चालून जातं, आणि ते जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड. पहिले काही महिने हा दाब सगळ्यात जास्त. घरी सोडताना नर्सनं गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून समजावून सांगितल्या. चौथी पट्टी पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या गोळ्यांची होती. वहिनीच्या पिशवीतली तीच गोळी.

मग नर्सनं सूचना सांगितल्या. पाणी उकळून. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचं काही नको. बागकाम नको, कबुतरं येतात त्या गच्चीत जाणं नको. गर्दी नको. जिवंत विषाणूंच्या लसी तिला द्यायच्या नाहीत. आणि सुरुवातीला तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळा ठेवा. आम्ही स्टीलचं नवं ताट आणलं, त्यावर भांड्याच्या दुकानात तिचं नाव कोरून घेतलं. गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून, हात धुवून, दारातूनच विचारपूस करत. कुणाला शिंक आली तर आपणहून मागं सरत. शेजारच्या काकूंनी नातवाला खोकला होता तेवढे दिवस आमच्याकडं येणं बंद ठेवलं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना बरोबर कळलं होतं की जपायचं हिला आहे.

एका घरातली दोन माणसं, दोघांचीही राखण उठलेली, दोघांचंही ताट वेगळं. एकाच्या ताटावर फुली होती, दुसरीच्या ताटावर नाव. बहिणीचं दुखणं नशिबाचं आणि दादाचं दुखणं चारित्र्याचं, अशी वाटणी गावानं केली होती. रक्तातल्या पेशींना ही वाटणी कळत नाही. बुरशीलाही कळत नाही.

बहिणीच्या सेवेला माणूस हवं होतं. आई स्वतःच ऑपरेशनमधून उठत होती. वहिनी म्हणाली, मी येते. तेव्हा आमच्याच नात्यातल्या एकदोघांनी शंका काढली, की हिच्या हातचं खाणं त्या पोरीला चालेल का? मी बहिणीच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘त्यांच्यापासून काडीचाही धोका नाही. तुमच्या घरात सर्दी-पडसं कुणाला आहे ते आधी सांगा.’ ह्याहून नेमकं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

वहिनी आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं. पहिल्या दिवशी सगळ्यांची नखं बघितली. उकळलेल्या पाण्याचं पातेलं झाकून, त्यात कुणी ओगराळं सोडून हात बुडवू नये म्हणून वर तांब्या पालथा ठेवला. तासगावची द्राक्षं आली तर ती मिठाच्या पाण्यात ठेवून, पुन्हा उकळून गार केलेल्या पाण्यानं एकेक मणी चोळून धुवायची. ओलं फडकं ओट्यावर राहू द्यायची नाही. मी मोबाईलला गजर लावला तर म्हणाली, ‘भावजी, गजर वाजू द्या, पर हाक मारायचं काम माझं.’ आणि बहिणीला सांगायची, ‘वन्सं, गोळीची येळ म्हंजी येळ. आज बरं वाटतंय म्हणून टाळायची न्हाय. बरं वाटतंय ते गोळीनंच.’ एवढ्या वर्षांच्या रोजच्या शिस्तीतून आलेलं हे शहाणपण होतं. त्यातला एकेक नियम तिला स्वतःसाठी, एकटीनं, लपूनछपून पाळावा लागला होता. बहिणीसाठी तो सगळ्या घरानं पाळला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बहीण तोवर सांगलीला आपल्या घरी गेली होती. पाणी गल्लीत शिरलं त्या पहाटे वहिनीचा माणहून फोन आला, ‘दागिनं राहू द्या. आधी गोळ्या कमरेला बांधा.’ बहिणीनं महिन्याच्या सगळ्या पट्ट्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पोटाशी बांधल्या आणि ती नावेत बसली. निवारा केंद्र म्हणजे शाळेच्या एका वर्गात चाळीस माणसं, म्हणून तिथून तिला थेट मिरजेला आणलं. पुरानंतर घर धुऊन काढलं तरी भिंतींना बुरशीचे हिरवे-काळे पट्टे उठले होते. भिंती सुकून त्यावर चुना चढेपर्यंत तिला परत पाठवलं नाही. पुराच्या बातम्यांत घरं येतात, जनावरं येतात, ऊस येतो. डायलिसिसवाले, केमोवाले, एचआयव्हीची औषधं घेणारे कुठं गेले, त्यांचे डोस कसे मिळाले, हे फार कमी वेळा येतं. यायला हवं.

मग कोरोना आला. मार्च 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव कोरोनाच्या रुग्णांमुळं महाराष्ट्रभर झालं. 2021 च्या पावसाळ्यात मुंबई-पुण्याची लाट ओसरली तरी सातारा, सांगली, कोल्हापूरचे आकडे खाली यायला तयार नव्हते. त्याच वर्षी काळ्या बुरशीनं माणसं नेली. म्युकरची ही बुरशी माती, पालापाचोळा, शेणखत, सगळीकडं असते. आपण सगळेच ती श्वासातून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण रक्तातली साखर हाताबाहेर गेलेली, त्यात कोरोना, त्यात स्टेरॉइड, असं जिथं जुळून आलं तिथं ती नाकातून डोळ्याकडं आणि डोळ्याकडून मेंदूकडं सरकली. अॅम्फोटेरिसिनच्या एकेका इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. ज्यांनी आयुष्यात प्रतिकारशक्ती हा शब्द उच्चारला नव्हता त्यांच्याही तोंडी तो बसला. काढे, चूर्णं, गुळवेल, ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्या बाटल्या. बहिणीलाही चार जणांनी आणून दिल्या. तिच्या बाबतीत प्रतिकारशक्ती भलत्या वेळी चेतवणं म्हणजे आईच्या किडनीवर घाला घालणं. डॉक्टरांनी एकही बाटली उघडू दिली नाही. अशा पेशंटना प्रेमानं काही द्यायचं असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली. ज्यांची प्रतिकारशक्ती दाबलेली आहे, त्यांच्या अंगात लसही पुरेशी लागू पडत नाही, कारण लसीला जे जागं करायचं असतं तेच झोपवलेलं असतं. अशा माणसासाठी खरी लस म्हणजे त्याच्या भोवतीची, लस घेतलेली माणसं. वहिनीनं गावातल्या बायकांना हे सांगत घरोघर फिरून लस घ्यायला लावली. ज्या गल्लीत एके काळी तिच्या दाराशी कुणी थांबत नसे, त्या गल्लीत ती लोकांना रांगेत उभं करत होती.

आता ती रात्री एकच गोळी घेते. 2017 पासून सीडी-4 चा आकडा बघत न थांबता लागण कळताच औषध सुरू करतात, त्यामुळं आजच्या मुलाला दादासारखं वाळून जायची वेळ येऊ नये. वहिनीच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबला आहे, आणि इतका दबलेला विषाणू शरीरसंबंधातूनही पुढं जात नाही, हे विज्ञानानं सिद्ध केलं आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला दवाखान्यात, शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरात वेगळी वागणूक देण्याला कायद्यानं बंदी आहे. 2017 चा तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. वहिनीनं पन्नाशी ओलांडली, तिची मुलगी संसाराला लागली. एवढं सगळं होऊनही सांगलीच्या रांगेत आजही काहीजणी तोंडावर पदर ओढून बसलेल्या असतात, कारण औषध सरकार देतं, पण गावानं काय म्हणावं हे सरकारच्या हातात नाही.

प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं आज प्रत्येक गल्लीत आहेत. कुणाची केमो चालू आहे, कुणी सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेतं, कुणी डायलिसिसवर आहे, कुणाची साखर तीनशेच्या खाली येत नाही, कुणी जन्मतःच तसं आहे, कुणी एचआयव्हीसोबत जगतं आहे. त्यांचा आजार कोणता आणि तो कसा लागला हे तुम्हाला कळायची काही गरज नाही. तुम्हाला ताप-सर्दी असेल तर त्यांच्याकडं जाऊ नका, फोन करा. भेटायला गेलात तर आधी हात धुवा. घरातल्यांच्या लसी वेळेवर घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे पडत नाहीत. त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली की पंगत, बैठक, देवाची आरती, काहीही चाललेलं असो, त्यांना उठू द्या. आणि अशा माणसाची भीती वाटली तर एवढंच ध्यानात ठेवा, की तुमच्यापासून त्याला असलेला धोका त्याच्यापासून तुम्हाला असलेल्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.